मदत हवी आहे: सॉल्ट लेक सिटीतील हिवाळी धुरके आणि यंत्रावरचे पीएम २.५ चे आकडे

नमस्कार. अमेरिकेतील युटा राज्यात आमचा हा दुसरा हिवाळा. सासूबाई साताऱ्याहून आल्या असून त्यांना दमा आहे, म्हणून बाल्कनीत आणि दिवाणखान्यात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, मोजणारे एकेक यंत्र लावले. त्यांच्या आकड्यांचा मेळ लागत नसल्याने जाणकारांना विचारत आहे.

पूर्वेला वासॅच आणि पश्चिमेला ओकर या डोंगररांगांच्या मध्ये आमचे खोरे आहे. बर्फ पडून गेला की आकाश निरभ्र होते, वारा पडतो, आणि रात्रभर निवालेली जड हवा वरच्या उबदार थराखाली तळाशीच कोंडून राहते. शाळेच्या भूगोलात शिकलेली तापमानाची विपरीतता ती हीच. बाल्कनीतला आकडा रोज थोडा वाढत पाचव्या दिवशी दर घनमीटर हवेत ३५ मायक्रोग्रॅमची इथली दैनिक मर्यादा ओलांडतो, इतपत कळते.

पण हा निव्वळ धूर नव्हे. गाड्यांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेतच नायट्रिक आम्ल बनते, त्याचा गोठ्यांतून आणि शेतांतून येणाऱ्या अमोनियाशी संयोग होतो आणि थंडीत अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात; ऐन धुरक्यात निम्म्याहून अधिक वस्तुमान याच एका क्षाराचे असू शकते.

माझी पहिली शंका अशी, की आकडा सकाळी आठच्या गर्दीत नव्हे, तर अकराच्या सुमारास सर्वाधिक का असतो? रात्री जमिनीपासून थोडे वर, जिथे गाड्यांचा ताजा धूर पोहोचत नाही, तिथे ओझोनच्या साहाय्याने नायट्रेट बनत राहते आणि ऊन चढल्यावर हवा ढवळली की ते खाली उतरते, असे वाचले. आमच्या अकराच्या चढाला हेच कारण मानावे का? (यंत्र कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजते, त्यामुळे दमट हवेत फुगलेले कण ते जास्त मोजते, हे गृहीत धरले आहे.)

दुसरी शंका मला अधिक छळते. दिवाणखान्यातला आकडा बाहेरच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो, आणि हवा गाळणारे यंत्र दोन तास बंद ठेवून पाहिले तरी तो फारसा वाढला नाही. अमोनियम नायट्रेट घरातल्या उबेत विरून पुन्हा वायुरूप होते, हे खरे असेल, तर आमचे यंत्र ते वायू मोजतच नाही. मग या कमी आकड्यावर कितपत विसंबावे?

औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत; इथे केवळ हवेबद्दल मार्गदर्शन हवे आहे.