एरंडेल देऊन कळा आणाव्यात का?

प्रश्न (महाल, नागपूर): माझ्या धाकट्या बहिणीला ४० आठवडे पूर्ण होऊन तीन दिवस झाले, तरी कळा सुरू झालेल्या नाहीत. आमच्या आजीने इतवारीतून एरंडेलाची बाटली आणवून ठेवली असून, गरम दुधातून दोन चमचे दिले की बाई लवकर मोकळी होते, असे ती खात्रीने सांगते. द्यावे का?

निवृत्त परिचारिका: कृपया देऊ नका. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्ल आतड्यांप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंवरही परिणाम करू शकते, त्यामुळे आजींचे म्हणणे अगदीच निराधार नाही; परंतु घरी त्या कळांचा जोर आवरता येत नाही आणि बाळाचे ठोके तपासायला कोणी नसते. शिवाय जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. आधी सिझेरियन झालेले असल्यास तर हा विचारही नको.

इतवारीतून: मी घेतले होते. रात्रभर न्हाणीघराच्या उंबऱ्याशी भिंत धरून बसले, कळा आल्याच नाहीत, आणि सकाळी सलाईन लावावे लागले.

निवृत्त परिचारिका: तारीख उलटल्यावर डॉक्टर सोनोग्राफीने बाळाभोवतीचे पाणी पाहतात आणि गरज वाटल्यास जेल किंवा ऑक्सिटोसिन देऊन, ठोक्यांवर लक्ष ठेवत कळा आणतात. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बाटली फडताळात ठेवली आहे. उद्या सकाळी आजीलाही सोबत घेऊन तपासणीला जातो.