मदत हवी आहे: कॉलेज स्कीअरचा उन्हाळा आणि मागे सरकणारं रोलरस्कीचं चाक

व्हरमाँटमधल्या माझ्यासारख्या कॉलेज क्रॉस-कंट्री स्कीअरच्या उन्हाळ्याचं गणित जुळत नाहीये. ट्रेल क्रूचं (डोंगरवाटा बांधणाऱ्या गटाचं) काम आठवड्याला 40 तास, म्हणजे दिवसभर दगड उचलून पायऱ्या रचणं. त्यावर 12 तासांचा सराव: रोलरस्की (रस्त्यावर चालवायची चाकांची स्की), काठ्या घेऊन चढावर धावणं, अडीच तासांची सावकाश धाव आणि दोनदा जिम.

खरी अडचण क्लासिक रोलरस्कीची (पाय सरळ मागे रेटत चालवायच्या प्रकाराची) आहे. डाव्या स्कीचं रॅचेटवालं (फक्त पुढेच फिरायला हवं असं) चाक पाय मागे रेटताना अर्धा इंच मागे फिरतं आणि मगच पकडतं. चाक उलटं बसलेलं नाही, तसं असतं तर स्की पुढेच गेली नसती. पावसात चालवल्याने आत पाणी आणि माती गेली असावी. डिग्रीझरने धुऊन पातळ तेल सोडलं तर भागेल, की एकाच दिशेने फिरणारं ते बेअरिंगच बदलावं? जाड ग्रीस भरायची भीती वाटते, कारण आतले रोलर त्यात चिकटले तर पकड आणखी सुटेल.

काठ्यांची कार्बाइड टोकंही डांबरावर घसरतात. डायमंड फाइल आहे, पण तुम्ही ती कोणत्या कोनात धरता? टोक बोथट असलं की जोर वाया जातो आणि कोपराला हिसका बसतो.

इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा सराव) कामाआधी पहाटे करावेत की थेट शनिवारी? दगड उचललेल्या संध्याकाळी डबल पोलिंगमध्ये (दोन्ही काठ्या एकदम रेटताना) कंबर खचते आणि तंत्र बिघडतं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइटफेस माउंटनच्या रस्त्यावरची रोलरस्की शर्यत गाठायची आहे: सुमारे 8 किलोमीटर, सगळा चढच. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.