विषय: कॅरी परमिटसाठी दुकानाचं उत्पन्न दाखवावं लागतं का?

नमस्कार मंडळी,

आमचं सेंट्रल न्यू जर्सीत लिकर स्टोअर आहे. रात्री गल्ला मोजून रोकड बँकेच्या नाइट ड्रॉपमध्ये टाकायला बहुतेक वेळा मीच जाते. मागच्या महिन्यात जवळच्या गॅस स्टेशनवर लूट झाली, तेव्हापासून घरात कॅरी परमिटचा, म्हणजे बंदूक जवळ बाळगून बाहेर पडण्याच्या परवान्याचा, विषय चालू आहे. ओळखीचे एक दुकानदार म्हणतात, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, सेल्स टॅक्सचे फॉर्म आणि डिपॉझिट स्लिपांचा गठ्ठा जोडावा लागतो. त्यांचं आणखी म्हणणं असं की रोकड दहा हजार डॉलरच्या आत तुकड्यातुकड्यांनी भरा, म्हणजे स्लिपाही वाढतील आणि बँकही विचारणार नाही.

आमची एस-कॉर्प (नफ्यावरचा कर मालकांच्या रिटर्नमध्ये जातो अशी छोटी कंपनी) आहे आणि माझा पगार कागदावर कमीच आहे. उत्पन्न कमी दिसलं म्हणून अर्ज नाकारतील का? कुणी हे केलं असेल तर कृपया कळवा.

वै. कु., मिडलसेक्स काउंटी

*

वै. ताई,

मी वकील नाही, पण जर्सीतल्या दुकानदारांचे हिशेब बरीच वर्षं लिहीत आलोय. म्हणून आधी दहा हजारांचं बोलतो, कारण परमिटपेक्षा ते जास्त गंभीर आहे.

दहा हजारांवर रोख भरली की बँक सरकारला एक अहवाल पाठवते. तो नेहमीचा कागद आहे, तेवढ्यावरून कुणी दारात येत नाही. पण तो अहवाल चुकवायचा म्हणून रकमेचे तुकडे करणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, पैसा अगदी घामाचा आणि कर भरलेला असला तरी. आज ९,५००, परवा ९,७०० असं सुरू झालं की बँक संशयास्पद व्यवहाराचा वेगळा अहवाल पाठवते आणि ते तुम्हाला सांगतही नाही. परमिट मागायला निघालेल्या माणसाने अंगावर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, ओढवून घ्यायची, हे कुठलं शहाणपण? रोजची रोकड रोज भरा, जेवढी असेल तेवढी.

आता कागदांचं. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलेला गठ्ठा खोटा नाही, पण तो जुन्या काळचा आणि मुख्यतः न्यूयॉर्क शहराचा. तिथे धंद्यासाठी कॅरी लायसन्स हवं असेल तर रोकड किंवा दागिने नेहमी बाळगावे लागतात हे सिद्ध करावं लागे, म्हणून स्लिपा, स्टेटमेंट, सेल्स टॅक्स रिटर्न. मेरीलँडमध्येही दुकानदारांकडून अशीच कागदपत्रं मागत. आपल्या जर्सीत तर तेही पुरत नसे. १९७१ च्या सिकार्डी खटल्यात रोकड घेऊन जाणाऱ्या थिएटरमालकाला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परमिट नाकारलं होतं. ‘जस्टिफायेबल नीड’ म्हणजे नेमक्या तुमच्याच जिवाला धोका दाखवायचा, गल्ल्याचा आकडा नव्हे.

२३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ब्रूएन खटल्याचा निकाल लागला, अशी खास गरज दाखवायला लावणं घटनाबाह्य ठरलं आणि हे सगळं गेलं. दुसऱ्याच दिवशी जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी ती अट लावू नका असं पोलिसांना कळवलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवा कायदा आला. त्यामुळे तुमचा पगार किती, एस-कॉर्पचा नफा किती, याने अर्जात काही फरक पडत नाही. मागितलेलं नसताना रिटर्न जोडू नका. त्यात सोशल सिक्युरिटी नंबरपासून मुलांच्या नावांपर्यंत सगळं असतं, ते कशाला पोलिस स्टेशनच्या फायलीत?

अर्ज राज्य पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेतून, तपास तुमच्या गावच्या पोलिसांकडून, फी २०० डॉलर, परमिट दोन वर्षांचं. बंदूक प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागते. लोक अडतात ते बहुधा रेफरन्सपाशी, म्हणजे तुमच्या वागण्याची खात्री देणाऱ्या माणसांपाशी. चार माणसं लागतात, तुम्हाला निदान तीन वर्षं ओळखणारी, रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातली नसलेली. म्हणजे दीर, मेहुणा, सासरे बाद. मंडळातल्या कुणाचं नाव देणार असाल तर आधी त्यांना विचारा. पोलिस त्यांना तुमच्या दारूच्या सवयीबद्दलही विचारतात, आणि कल्पना नसलेला माणूस फोनवर चाचरला की उगाच शंका येते.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: स्वतःच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या दुकानात बंदूक बाळगायला जर्सीत कॅरी परमिट लागत नाही, फक्त ती कायदेशीर विकत घेतलेली हवी. काउंटरमागे उभ्या नोकराला मात्र ही सवलत नाही. जागेचं लीज कॉर्पोरेशनच्या नावावर असेल तर वकिलाला एकदा दाखवा. परमिट लागतं ते दुकानापासून बँकेपर्यंतच्या रस्त्यासाठी. तुमची खरी अडचण तीच आहे, म्हणून अर्ज जरूर करा.

म. ज., एडिसन

*

काका, दोन शंका. माझी बायको एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, तिने स्वतःची एलएलसी कंपनी काढली आहे. तिला अर्ज करता येईल का? आणि माझे सिटिझन असलेले भाऊ ओक ट्री रोडवरून माल घेऊन मॅनहॅटनच्या ४७व्या स्ट्रीटवर, हिऱ्यांच्या बाजारात, जातात, त्यांना जर्सीचं परमिट तिथे चालेल का?

नि. दे., इझलिन

*

नि.,

सूनबाईंनी अर्ज करू नये. एच-४, एच-१बी, एल-१ हे सगळे तात्पुरते व्हिसा, आणि अशा व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायदा बंदूक बाळगूच देत नाही. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कॅरीचा अर्ज करून ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालायची नाही. धंदा तिच्या नावावर आहे याने काही बदलत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की मग बघता येईल.

भाऊंना स्पष्ट सांग, जर्सीचं परमिट हडसन नदी ओलांडून चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये लायसन्सशिवाय भरलेलं पिस्तूल सापडलं तर किमान साडेतीन वर्षांची शिक्षा आहे. शहराचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, त्याला अठरा तासांचं प्रशिक्षण. तोवर माल विमा असलेल्या आर्मर्ड कुरिअरने पाठवा. त्याची पावती मला आणून दे, धंद्याच्या खर्चात धरता येते.

म. ज.