उघाडीच्या आत-बाहेर खाडी अजून जोडलेली आहे का, हे मोजायचं कसं?

खारेपाटकर:
नमस्कार मंडळी. धरमतर खाडीला लागून आमची शेती, बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत भात आणि एक तळं. आधी पावसाळ्यात उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, जिताडा माशाची पिल्लं आत यायची, आता तीन वर्षं काहीच नाही, आणि उधाणाचं पाणी मात्र बांधाच्या माथ्याला टेकतंय. भाची एमएस्सी करतेय, ती म्हणते 'कनेक्टिव्हिटी' मोजू. म्हणजे नक्की काय मोजायचं, तेही खिशाला परवडेल असं?

पागवाला:
आधी झडप बघा की राव. ओहोटीला ती आतल्या पाण्याने उघडते, भरतीला मिटते. पिल्लू येणार भरतीबरोबर, म्हणजे दार नेमकं तेव्हाच बंद. जुन्या लाकडी फळ्या गळायच्या, त्या गळतीतूनच मासा यायचा. आमच्याकडे नवी लोखंडी बसवली, गच्च बसली, भात वाचलं नि मासा गेला.

खाडीकाठी:
पागवाला बरोबर बोलले. भाचीला सांगा, एकाच दिवशी झडपेच्या दोन्ही बाजूंची क्षारता घ्यायची, उधाणाला एकदा, भांगाला (लहान भरतीला) एकदा, आणि मे नि जुलै दोन्ही महिन्यांत, कारण समुद्र चढतोय तसं उन्हाळ्यात खारं पाणी वर सरकतं आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला की एका रात्रीत सगळं गोडं. दोन्ही बाजूंना पाग (फेकायचं जाळं) तेवढ्याच वेळा टाकायचा, मासे मोजायचे, लांबी लिहायची. पैसे असतील तर माशाच्या कानातल्या खड्यातलं स्ट्रॉन्शियम तपासतात, तो गोड्यात वाढला की खाऱ्यात ते कळतं. वाशिष्ठी नदीचे आकडे मात्र उचलू नका, तिथे कोयनेच्या वीजघराचं गोडं पाणी उन्हाळ्यातही येतं.

आणि फक्त पिल्लांकडे बघू नका. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो, अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाकडे जावं लागतं. आत अडकलेला मोठा मासा बाहेर पडला नाही तर पिल्लं येणार कुठून? कांदळवनाचंही तेच, पाणी चढलं की तिवरं जमिनीकडे सरकू बघतात आणि समोर बांध उभा.

खारेपाटकर:
पण झडप उघडी ठेवली तर भाताचं काय? बांधाला खांड पडून खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं पीक नाही, ते आम्ही भोगलंय.

पागवाला:
पूर्ण कोण सांगतंय, झडपेतच छोटी खिडकी ठेवा, भांगाच्या भरतीला तासभर उघडायची, पाणी आतल्या नाल्यातच राहील एवढंच.

खारेपाटकर:
काल भरतीला बॅटरी घेऊन गेलो. बाहेरच्या बाजूला बोटाएवढी बोय मासळी झडपेला तोंडं लावून उभी होती, शंभरेक तरी असतील. भाचीला फोटो पाठवलाय, रविवारी मीटर घेऊन येतेय.