ऑर्थोच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढायलोत, पैसे कुणाला द्यायचे हे कुणी ठरवायचं?

परभणीकर_ऑर्थो
नमस्कार मंडळी. परभणीत माझी ऑर्थोची, म्हणजे वाकडे दात सरळ करायची, प्रॅक्टिस आहे, गुरुवारी जिंतूरला बसतो. आमच्याकडचे एक ज्येष्ठ डॉक्टर वारले. त्यांच्या मुलांनी वडिलांच्या नावानं २५ लाख द्यायचं कबूल केलंय. अट एकच, वाकड्या दातांवर आपल्या भागात संशोधन व्हावं. शिबिर नको, फ्लेक्स नको. (असा देणगीदार भेटतो का हो कुठं!)

विषय डोक्यात आहे. बोअरचं फ्लोराइडवालं पाणी पिऊन दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडलेली पोरं ढिगानं येतात, आणि त्या दातांवर ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतो ती बारकी पट्टी) टिकत नाही. एक पोरगी सुटलेलं ब्रॅकेट बापाच्या चुन्याच्या डबीत घालून घेऊन आली. हुरडा खाताना निघालं म्हणे. पुस्तकाप्रमाणे ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून चिकटवलं होतं. असल्या दाताला किती वेळ लावायचं, आधी वरचा थर घासायचा का, यावर इथल्याच दातांवर काम व्हायला पाहिजे.

अडचण अशी की ट्रस्टी व्हायला आम्ही नऊ जण तयार आहोत, पण मराठवाड्यात ऑर्थोवाले असून असून किती? देणारे आम्ही, तपासणारे आम्ही, आणि अर्ज करणारे आमचेच मित्र नाहीतर विद्यार्थी. हे नीट कसं चालवायचं?

निवृत्त_मास्तरीण
डॉक्टर, पैसे कमी आहेत याची काळजी करू नका, ट्रस्टी जास्त आहेत याची करा. नऊ कशाला? पाच पुरे. त्यातला एक तरी दातांच्या धंद्याबाहेरचा घ्या. निवृत्त बँक मॅनेजर चालेल, "हे बिल कशाचं?" असं विचारायला ज्याला संकोच वाटत नाही असा.

तुमचं दुखणं जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचं स्वतःचं फाउंडेशन आहे, १९९४ पासून, सेंट लुईसला. तिथंही वर्गणी देणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि घेणारे त्यांच्याच कॉलेजांमधले विभाग. त्यांनी दोन कामं वेगळी केली. संचालक मंडळ पैसा सांभाळतं. अर्ज वाचून पारखायचं काम वेगळ्या समितीकडं असतं. तुम्हीही तेच करा, फक्त समिती मराठवाड्याबाहेरची ठेवा. नागपूर, हैदराबाद, धारवाड, कुठलीही. अर्ज नाव आणि कॉलेज झाकून पाठवायचे. आपल्याकडं नाव झाकलं तरी दोन ओळींत कळतं कुणाचा विद्यार्थी आहे, म्हणून वाचणारा लांबचाच हवा.

आणि ज्या ट्रस्टीचा विद्यार्थी, भागीदार किंवा नातेवाईक अर्जदार आहे, त्यानं त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. गेला, किती वाजता परत आला, हे इतिवृत्तात लिहायचं. बाहेर म्हणजे बाहेर. खुर्चीत बसून "मी काही बोलत नाही" म्हणणारा माणूस भुवयांनी बोलतो. मी अशा बैठकांना बसले आहे.

त्या फाउंडेशनच्या दोन गोष्टी मला पटतात. एक, त्यांचा बराच पैसा तरुण शिक्षकांवर जातो. प्रॅक्टिसमध्ये कमाई इतकी की शिकवायला कुणी थांबत नाही, हे तिकडंही तसंच. दुसरी, जुन्या एक्स-रेंचं जतन. १९२९ च्या सुमारास क्लीव्हलंडमध्ये बोल्टन कुटुंबाच्या पैशावर डॉ. ब्रॉडबेंट यांनी मुलांची वाढ अभ्यासायला सुरुवात केली, वर्षावर्षाला त्याच मुलाचा डोक्याचा एक्स-रे. आज धडधाकट पोराचा नुसत्या अभ्यासासाठी दरवर्षी एक्स-रे काढतो म्हटलं तर एथिक्स कमिटी दारातच अडवेल, आणि बरोबरच आहे. त्यामुळं उपचार न झालेला जबडा कसा वाढतो हे पाहायचं तर त्या जुन्या फिल्मच हाताशी आहेत. अमेरिका-कॅनडातल्या अशा नऊ संग्रहांतली निवडक मुलं फाउंडेशननं स्कॅन करून एका जागी आणली. एका कुटुंबाच्या देणगीतून सुरू झालेलं काम अजून वापरात आहे. तुमच्या देणगीदारांना हे जरूर सांगा.

त्या संग्रहांतली मुलं मात्र बहुतेक गोरी. आपल्या पोरांचे जबडे त्यांत नाहीत. आपली पेशंटच्या दातांची प्लास्टरची मॉडेलं कॉलेजच्या कोठीत पोत्यांत भरून पडतात आणि रंगरंगोटीच्या वेळी भंगारात जातात. पहिल्या वर्षी मोठा प्रकल्प करू नका. एक स्कॅनर आणि एक माणूस नेमा. व्याजातलं निम्मं खर्चा, निम्मं महागाईसाठी मुद्दलात टाका.

ब्रॅकेटच्या कंपनीनं माल फुकट दिला तर घ्या, पण निकाल छापायचा की नाही हे कंपनीच्या हातात राहणार नाही असं आधी लिहून घ्या.

लातूरची_सीए
मॅडमचं सगळं मान्य, पण निम्मं व्याज मुद्दलात टाकता येणार नाही. ट्रस्टनं उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च करायचा असतो. २५ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला १,७५,०००. त्यातले २६,२५० बिनबोभाट बाजूला ठेवा, बाकीचे खर्चा. एखाद्या ठरावीक कामासाठी साठवायचे असतील तर वेगळा फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. स्कॅनरला ते सोयीचं पडेल.

देणगीदारांकडून "ही रक्कम कॉर्पस (कायमचं मुद्दल) म्हणून" असं लेखी घ्या, नाहीतर २५ लाख त्या वर्षीचं उत्पन्न धरलं जाईल. ठेव शेड्यूल्ड बँकेत. पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून तिकडं वळू नका, तिथल्या ठेवीला विमा नसतो. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी.

नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा लोक विसरतात, मग दोन गट पडतात आणि पोरांच्या लग्नापर्यंत केस चालते. ट्रस्टीला किंवा त्याच्या नातेवाइकाला ट्रस्टच्या पैशातून फायदा गेला तर करसवलत धोक्यात येते, तेव्हा खोलीबाहेर जायचा नियम नुसत्या शोभेचा नाही. देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची मान्यता (८०जी म्हणतात ती) घ्या, २,००० च्या वर रोख देणगीला सवलत मिळत नाही.

थिसिस_झाला_एकदाचा
मी नांदेडकडचा, नुकताच लेक्चरर झालोय. फ्लोरोसिसचाच, म्हणजे या फ्लोराइडच्या डागांचाच, विषय होता. पैसा कुठं जातो ते सांगतो. ऑर्थोसाठी काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागच्या लहान दाढा) गोळा करायचे, पेशंटची संमती घ्यायची, डागांच्या तीव्रतेप्रमाणं वेगळे करायचे. मग ब्रॅकेट चिकटवून टेस्टिंग मशीनवर तोडून बघायचे, किती जोर लागला ते. मशीन इंजिनिअरिंग कॉलेजचं, त्यांना सुट्टी असेल तेव्हा आपला नंबर. ब्रॅकेटची पकड पुरेशी आहे का यासाठी १९७५ पासून ५.९ ते ७.८ मेगापास्कल हा आकडा सगळे देतात, तेवढं आलं की ठीक. पण मशीन सरळ ओढतं, आपला पेशंट ऊस सोलतो! तोंडात काय टिकतं ते वर्षभर पेशंट बघूनच कळणार, आणि पीजी करणाऱ्या पोरांना तेवढा वेळ कुठला. हा सगळा खर्च पोरांच्या खिशातून.

म्हणून विनंती अशी: पैसे दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता अहवाल आल्यावर. आणि "काही फरक आढळला नाही" असा निकाल आला तरी तो हप्ता द्या. माझा तसाच आला होता. गाईड म्हणाले, कोण छापणार हे? फाइल अजून माझ्याकडंच आहे.

परभणीकर_ऑर्थो
मास्तरीणबाई, पाच जणांचं पटलं. उरलेल्या चौघांना सांगायचं काम अवघड, पण करतो. सीए मॅडम, पतसंस्थेचा ठराव कालच एकानं मांडला होता. तो मागं घ्यायला लावतो. थिसिसवाले भाऊ, तुमची ती फाइल पाठवा, देणगीदारांना दाखवायचीय.

एक राहिलं. बाहेरच्या वाचणाऱ्यांना मानधन द्यायचं का?

निवृत्त_मास्तरीण
द्या. थोडं द्या, पण द्या. फुकट वाचायला दिलेला अर्ज गणपतीपासून दिवाळीपर्यंत टेबलावर पडून राहतो. आणि अर्ज दोन पानांचाच ठेवा.