डेंग्यू आला की धुराच्या गाडीचाच आग्रह का?

शेवंती
आमच्या सोसायटीत या महिन्यात तिघांना डेंग्यू झाला. बैठकीत एकच मागणी, धुराची गाडी बोलवा. मी विरोध केला आणि बरंच ऐकून घेतलं, म्हणून इथे लिहितेय.

धुरात सापडला तर उडणारा डास मरतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास बसतो पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत. गाडी रस्त्यावरून जाते आणि आपण खिडक्या लावून घेतो! पाण्यातल्या अळ्यांना त्या धुराचं काहीच होत नाही. अंड्याचा डास व्हायला पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. 'कोरडा दिवस', म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी, पिंपं कोरडी करायचा दिवस, दर आठवड्याला पाळायला सांगतात तो याच हिशेबाने.

आम्ही दोघी-तिघींनी 40 घरं पाहिली. 6 घरांत अळ्या मिळाल्या, म्हणजे शंभरात 15. फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली. यातली एक ताटली माझ्याच बाल्कनीतली. रुग्ण किती, एवढंच सगळे विचारतात. अळ्या किती घरांत आहेत हे रुग्ण वाढायच्या आधी कळतं, म्हणून मला तो आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

वाटसरू
साफ असहमत. माझा पुतण्या चार दिवस आयसीयूत होता, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. डासात एकदा विषाणू वाढला की तो डास मरेपर्यंत रोग पसरवू शकतो. तुम्ही आज सगळ्या ताटल्या पालथ्या घातल्यात तरी तो उडतोच आहे, चावतोच आहे. साथ सुरू झाल्यावर त्याला मारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनाही साथीच्या काळात फवारणीला नाही म्हणत नाही.

कडुनिंब
आईला दमा आहे. डिझेलचा तो धूर आला की तिची रात्र बसून जाते. एवढं सोसून डास आठवडाभरही कमी होत नाहीत.

गोदाकाठ
मी मराठवाड्यातला. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. कोणतं पिंप रिकामं करू, सांगा. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात 'पाणी साठवू नका' असं भिंतीवर लिहून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. पाणी रोज द्या, आम्ही पिंपं मोडीत घालतो. डेंग्यूचं मूळ आमच्या आळसात शोधू नका.

शेवंती
गोदाकाठ, तुमचं म्हणणं मला पटलं. माझा सल्ला रोज नळ येणाऱ्या घरातला होता. साठवणं टळत नसेल तर पिंपावर सुती फडकं दोन पदरी घट्ट बांधा. झाकणाला फट राहते, फडक्याला राहत नाही. आणि नळ यायच्या दिवशी, नवं पाणी भरण्याआधी, पिंप आतून काथ्याने घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं ओतून दिलं तर ती तिथेच राहतात. वापराच्या हौदात गप्पी मासे सोडा.

वाटसरू, रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत आतून फवारणी करायला माझी ना नाही. पण रुग्णाला ताप असेपर्यंत दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डासच साधारण आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देतो. ही साखळी तोडायला गाडी लागत नाही.

वाटसरू
मच्छरदाणीचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलगा दुपारभर हॉलमध्ये उघड्यावर झोपायचा, आणि दहा-बारा दिवसांनी वहिनीला ताप आला.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. आमच्या इमारतीला लागून बांधकाम आहे. लिफ्टच्या खड्ड्यात जूनपासून पाणी आहे. आम्ही घरातल्या वाट्या पुसायच्या आणि तो खड्डा तसाच? तुमच्या 40 घरांच्या यादीत असा खड्डा, गच्चीवरची उघडी टाकी, गॅरेजमधले टायर आहेत का?

शेवंती
नव्हते. गच्ची उद्या सकाळी पाहते. शेजारच्या बांधकामावर आत सोडत नाहीत, तिथे सोसायटीचं पत्र घेऊन जावं लागेल.