वडिलांच्या निधनानंतर धावू लागलेल्या भाच्याविषयी सल्ला हवा आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात कर्करोगाने गेला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा माण तालुक्यात आई आणि आजीजवळ राहतो. त्याच्याविषयी जाणत्यांचा सल्ला हवा आहे.

भावाचे आजारपण आणि मुलाचे वयात येणे एकाच वेळी घडले. वडील अंथरुणाला खिळत गेले त्याच महिन्यांत याची उंची झपाट्याने वाढली, मिसरूड फुटले, आवाज फुटला. आता तो आतल्या खोलीतून बोलला की माझा भाऊच बोलल्याचा भास होतो. आजीच्या डोळ्यांत पाणी येते आणि ते पाहून त्याने घरात बोलणेच कमी केले आहे. शरीरातील बदलांविषयी तो आम्हा बायकांशी बोलणार नाही, हे मी समजू शकते.

याच काळात तो पहाटे एकटा पळायला जाऊ लागला. क्रीडाशिक्षकांनी त्याला १७ वर्षांखालील गटात १५०० मीटरला उतरवले आणि पहिल्याच तालुका स्पर्धेत तो पहिला आला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेल्या ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोही गावच्या, त्यामुळे इथे पळणाऱ्या मुलाचे कौतुक फार. मात्र येणारा-जाणारा त्याला "बापाचे नाव काढ" असे सांगतो, ते मला खटकते. पदक त्याने कोणालाही न दाखवता दप्तरात ठेवले होते. वडील खंगत असताना आपण बळावत गेलो, ही टोचणी त्याला लागली असावी असे मला वाटते. पण त्याला हे विचारावे कसे?

शिक्षक निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीचा आग्रह धरत आहेत. भावजयीला त्याला इतक्यात दूर पाठवायचे नाही आणि मलाही तिचे म्हणणे पटते. त्यातच गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले आहे. हा ऑस्गुड-श्लॅटरचा त्रास असून वाढीच्या वयात तिथला भाग नाजूक असल्याने सराव कमी करावा, असे डॉक्टर म्हणाले. परंतु ज्या दिवशी तो पळत नाही, त्या दिवशी तो कोणाशी बोलतही नाही आणि धड जेवतही नाही.

गुडघ्याला विश्रांती देऊनही त्याचा हा आधार तुटू नये, यासाठी पोहणे किंवा सायकल यांपैकी काय चालेल? आणि १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर आधी त्याच्या आईने बोलावे, की थेट त्यालाच बोलू द्यावे? किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.